सँट्रो ते क्रेटा: आमच्या घरचा २४ वर्षांचा अनुभव

१९९८ साली ह्युंदाई या कोरियन कंपनीची सँट्रो आली तेव्हा साताऱ्यात ज्याने त्याने आप्पांना एकच ऐकवलं, "कोरियन गाडीच्या नादाला लागू नका." २००० साली डेवू ही दुसरी कोरियन गाडी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्या बोलण्याला जोरच आला. तरी पुढच्या वर्षी आप्पांनी सँट्रो घेतलीच. कारण साधं होतं, टप उंच. आईला नऊवारी सावरत, मान न वाकवता आत बसता यायचं. चौदा वर्षं वापरली ती गाडी.

आता दारात ह्युंदाईचीच डिझेल क्रेटा आहे, ६२ हजार किलोमीटर झालेली. परवा भर पावसात यवतेश्वर घाट चढताना वळणावर पुढची एसटी थांबली, मागे दुचाकी चिकटलेली. ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडीने ब्रेक स्वतःच धरून ठेवला, ती इंचभरही मागे सरली नाही. शेजारी बसलेल्या आप्पांचा हात सवयीने हँडब्रेककडे गेला होता, तो त्यांनी परत मांडीवर ठेवला.

ह्युंदाईला हे नाव फुकट मिळालेलं नाही. अमेरिकेत १९८६ साली ह्युंदाईची एक्सेल स्वस्त म्हणून धडाधड खपली, पण दर्जामुळे बदनाम झाली. मग कंपनीने तिथे इंजिन-गिअरबॉक्सवर १० वर्षांची वॉरंटी दिली. चूक अशी लेखी भरून काढणं मला फार मोठं वाटतं. आज ह्युंदाईने तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखानाही घेतलाय.

आप्पांना तेव्हा अडवणाऱ्या काकांच्या मुलाने यंदा किया सेल्टोस घेतली, तीही कोरियनच. कंदी पेढे घेऊन काका स्वतः आले होते.