डावा पाय छोटा निघाला आणि 58 हजार गेले

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, वीस वर्षं झाली. काम म्हणजे मोजमाप. वर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, कुठलं कॅलिब्रेट झालंय कुठलं नाही, दोन माणसांनी तोच पार्ट मोजला तर रीडिंग सारखं येतं का, हेच बघत आयुष्य गेलं. असा माणूस मोजमापावरच फसला म्हणून हे लिहायला खरं तर लाज वाटतेय, पण लिहितो, का ते शेवटी सांगतो.

सप्टेंबरमध्ये पाण्याचा 20 लिटरचा जार उचलताना पाठीत उसण भरली. म्हणजे अशी की जार तसाच ठेवला आणि मी कट्ट्याला धरून उभा. गावाहून आईचा फोन, म्हणे एखादा पायाळू माणूस शोध आणि पाठीवर लाथ मारून घे. मी हसलो. आता हसू येत नाही, कारण पुढे जे केलं त्यापेक्षा लाथ स्वस्त पडली असती.

रात्री झोप लागेना म्हणून मोबाइल बघत पडलो तर सगळे रील्स पाठ मोडून देणाऱ्यांचे, म्हणजे मणक्याला झटके देऊन उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांचे. कडकड आवाज, माणूस रडतो, हसतो, उठून चालायला लागतो. बहुतेक आपण एक बघितला की शंभर येतात. त्यातच वाकडच्या एका क्लिनिकची जाहिरात आली, पहिली तपासणी 499, एक्सरे फ्री. गेलो. क्लिनिक एकदम चकाचक, भिंतीवर परदेशी सर्टिफिकेटं, पांढरा कोट, नावाआधी डॉ. आणि रिसेप्शनवरच्या मुली इतक्या प्रेमाने बोलणाऱ्या की बस.

आता तपासणी. मला पालथं झोपवलं, बूट पायातच. त्या पांढऱ्या कोटवाल्याने दोन्ही टाचा धरल्या, जवळ आणल्या आणि म्हणाला, बघा सर, डावा पाय जवळजवळ 1 सेंटीमीटर छोटा आहे. सोबत आलेल्या भाच्याला बोलावून दाखवलं, फोटो पण काढायला लावला. मग कमरेला एक झटका, कड्ड, परत टाचा जुळवल्या तर दोन्ही पाय सारखे. भाचा म्हणाला मामा खरंच हो. मी पण खरंच मानलं. बूट कसा धरला, तळव्यावर दाब किती दिला, कंबर कुठे तिरकी ठेवली यावर 1 सेंटीमीटर इकडचा तिकडे सहज होतो हे मला तिथेच कळायला हवं होतं, कारण पार्ट घट्ट धरून ठेवणारं फिक्स्चर नसताना हातात धरून पार्ट मोजणाऱ्या ऑपरेटरला मी रोज ओरडतो.

मग पाठीवरून एक स्कॅनर फिरवला. स्क्रीनवर मणक्याचं चित्र आणि दोन्ही बाजूंना रंगीत पट्टे, हिरवे, पिवळे, लाल. माझे कमरेजवळचे आणि मानेजवळचे लाल. एक्सरे बघून म्हणाला मानेची कमान गेली, सरळ झाली, आणि कमरेच्या दोन मणक्यांमधली गॅप कमी झालीय. नंतर खऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सांगितलं की एक्सरेला हनुवटी जराशी खाली घेतली तरी मान सरळ दिसते, आणि चाळिशीतल्या ज्यांचं काहीच दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तरी जवळजवळ निम्म्यांच्या डिस्क, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या, थोड्या फुगलेल्या निघतात. म्हणजे शोधायला बसलं की सापडतंच.

इथपर्यंत पाठ होती. आता पोट कसं आलं बघा. तो म्हणाला, कमरेची नर्व्ह दबली की आतड्यांना सिग्नल नीट जात नाही, मेटाबॉलिझम बसतो, म्हणून तुमचं वजन कमी होत नाहीये. मी वजनाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो! पण शर्टाची बटणं बोलत होती म्हणा. लगेच शेजारच्या खोलीत न्यूट्रिशन काउन्सेलर, अनवाणी एका मशीनवर उभं केलं, हातात दोन दांडे. वजन 86.4, उंची 170, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साधारण 30, तो खरा होता, आपल्या लोकांना 25 च्या वर लठ्ठच धरतात. पण त्याखाली छापून आलं, मेटाबॉलिक एज, म्हणजे शरीराचं वय, 58. माझं वय 46. छापील कागदावर 58 वाचलं ना, त्या क्षणी मी गेलो कामातून. बापाला 61 व्या वर्षी ॲटॅक आला होता, तेच डोक्यात.

त्या दिवशी पैशाचं काहीच बोलले नाहीत. म्हणाले रिपोर्ट बनवायला दोन दिवस लागतात, शनिवारी मिसेसना घेऊनच या, घरच्यांचा सपोर्ट महत्त्वाचा असतो. मला वाटलं काय माणसं आहेत. मिसेसना बोलावण्याचं खरं कारण नंतर कळलं. बायको शेजारी बसलेली असली की 'घरी विचारून सांगतो' हे वाक्यच आपल्याकडे उरत नाही. शनिवारी लाल पट्टे परत दाखवले, एका म्हाताऱ्या माणसाचा पार वाकलेला एक्सरे दाखवला, म्हणाले 10 वर्षांनी हे तुम्ही. बायकोचे डोळे भरले, तिनेच विचारलं किती खर्च येईल हो. 36 सिटिंग आणि 6 महिन्यांचा वेट लॉस प्रोग्रॅम, 84 हजार, आज भरले तर 58 हजार, ईएमआय पण आहे. माझ्याच मोबाइलवर ओटीपी आला, मीच सांगितला, पाच मिनिटांत लोन झालं. लोन हा शब्द कोणी उच्चारला नाही, फक्त ईएमआय, ईएमआय.

आता खोटं बोलणार नाही, पहिल्या आठवड्यात पाठीला आराम पडला. पण साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, आणि कमरेला असा झटका दिल्याने थोडा फरक पडतो हेही खरंय, फिजिओच्या व्यायामाने पडतो साधारण तेवढाच. तेवढंच सांगून तीन-चार सिटिंगचे पैसे घेतले असते तर मी आज त्यांचं कौतुक केलं असतं. आणि तो कडक आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा नाही. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन गॅसचा बुडबुडा होतो त्याचा. दृष्ट काढून झाल्यावर आजी कानशिलावर बोटं मोडायची, तोच.

जेवणाचं तर विचारूच नका. सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी एक फुलका आणि सॅलड, भात भाकरी बंद, झोपताना डिटॉक्स चहा. शेकचा डबा 1,950 चा, त्यात 14 सर्व्हिंग, म्हणजे दिवसाला दोन धरले तर महिन्याला चार डबे, 7,800 रुपये आणि हे 58 हजारात धरलेलं नाही बरं का, ते फक्त 'गायडन्स'चे होते. दहा दिवसांत 3.4 किलो उतरलं. ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो, दोघांना नंबर पण दिला (त्यांची माफी मागून झालीय). बायको मात्र म्हणाली, अहो तोंड किती उतरलंय तुमचं.

भाचीची मैत्रीण डाएटिशियन आहे, तिला दिवाळीत डबा दाखवला. तिने पाठीमागचं लेबल वाचून दाखवलं, पहिल्या नंबरला सोया प्रोटीन, दुसऱ्या नंबरला माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, मग साखर, फ्लेवर. एका सर्व्हिंगमध्ये 9 ग्रॅम प्रोटीन, किंमत 139 रुपये. काका, एका अंड्यात 6 ग्रॅम असतं म्हणाली, मूठभर फुटाण्यांत पण तेवढंच. चहाच्या पाकिटावर सेन्ना लिहिलेलं होतं, ती म्हणाली ही आपली सोनामुखी, जुलाबाची. आणि वजनाचं गणित तिने असं सांगितलं की खाणं एकदम तोडलं की आधी शरीरात साठवलेली ग्लायकोजन नावाची साखर संपते, एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं ते पण जातं, वर जुलाबाने आणखी पाणी. एक किलो चरबी जाळायला साधारण 7,700 कॅलरी लागतात, दहा दिवसांत 3.4 किलो चरबी जायची तर रोज 2,600 कमी पडायला हव्यात, तुम्ही दिवसाला खाता तरी तेवढं का? आकडे मला कळतात हो. गप्प बसलो. दिवाळीत चार दिवस नीट जेवलो तर अडीच किलो परत आलंच होतं.

मग माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. पुढच्या वेळी त्या मशीनवर उभा राहिलो, रीडिंग घेतलं, बाहेर जाऊन दोन बाटल्या पाणी प्यायलो, अर्ध्या तासाने म्हटलं मॅडम कागद हरवला परत काढा. फॅटचा आकडा बदलला. ही मशीनं अंगातून बारीक करंट सोडून रेझिस्टन्स मोजतात, बाकी सगळा हिशोब आपण टाइप केलेलं वय, उंची आणि अंगातलं पाणी यावर. म्हणून म्हटलं गंमत म्हणून वय 36 टाका ना. टाकलं बिचारीने. मेटाबॉलिक एज 47 आलं! तोच देह, तीच मिनिटं. आमच्याकडे असा गेज सापडला तर लाल स्टिकर लावून कपाटात बंद करतात आणि मागच्या सगळ्या लॉटची परत तपासणी करावी लागते. मी पण मागचा लॉट तपासला. नवव्या सिटिंगला नेहमीचा माणूस सुट्टीवर होता, दुसऱ्याने टाचा धरल्या आणि म्हणाला सर उजवा पाय छोटा दिसतोय. तेव्हा मी हूं म्हणून सोडून दिलं होतं.

अकराव्या सिटिंगला मानेला झटका दिला आणि उठून बसलो तर खोली फिरली, डोळ्यासमोर अंधारी, उलटी. म्हणे टॉक्सिन बाहेर पडतायत. पंधरा मिनिटांत थांबलं, पण ऑर्थोपेडिक डॉक्टर हे ऐकून भडकलेच. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात, झटक्याने त्यांना आतून चीर पडू शकते आणि त्यातून लकवा होऊ शकतो, क्वचित होतं पण होतं. माझं तसं काही निघालं नाही. त्यांनी विचारलं पाय बधीर आहे का, लघवी संडासवर कंट्रोल आहे ना, ताप, वजन आपोआप उतरणं, असं काही? असेल तर ताबडतोब धावायचं, नसेल तर चालत राहायचं. फिजिओथेरपिस्टने तीन व्यायाम दिले, पाच सिटिंगचे दोन हजार घेतले आणि म्हणाली आता येऊ नका, घरी करा. येऊ नका! हे वाक्य ऐकून मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं की हे कायरोप्रॅक्टिक 1895 ला अमेरिकेत आयोवामधल्या डेव्हनपोर्ट गावात सुरू झालं, डी. डी. पामर नावाचा, हात लावून 'मॅग्नेटिक' उपचार करणारा माणूस होता, त्याने एका बहिऱ्या झाडूवाल्याचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा, त्यावरून बहुतेक सगळे रोग मणका सरकल्याने होतात ही थिअरी. तिकडे किमान आता लायसन्स वगैरे लागतं. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची वेगळी कौन्सिलच नाही, फिजिओची महाराष्ट्रात आहे, नंबर मागितला की देतात. मी त्या क्लिनिकमध्ये रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलेलं, चार दिवसांचं वर्कशॉप अटेंड केल्याबद्दल.

पैसे मागितले तर फॉर्मवर बारीक अक्षरात नॉन रिफंडेबल, सही माझी. ईएमआय बंद करतो म्हटलं तर फायनान्स कंपनी म्हणते लोन तुमच्या नावावर, क्लिनिकशी आमचा संबंध नाही, सिबिल खराब होईल. शेवटी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आणि एका वकील मित्राकडून 2019 च्या ग्राहक कायद्याखाली नोटीस दिली, त्यात 1954 चा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा कायदा पण टाकला, कारण लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे आणि यांच्या पॅम्प्लेटवर तो चहा 'लठ्ठपणावर रामबाण' म्हणून छापलेला. पॅम्प्लेट जपून ठेवलं होतं हे नशीब. जाहिरात, पावत्या, व्हॉट्सॲप काहीही डिलीट करू नका. भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात फी पण नाही हे कळल्यावर मी खरंच केस टाकणार होतो, पण त्यांनी तीन महिने फिरवून 22 हजार परत केले आणि बायको म्हणाली आता पुरे. बाकीचे गेले. हप्ते जूनपर्यंत चालू आहेत.

वजन आता 82 आहे, पाच महिन्यांत. दोन भाकऱ्या, उसळ, संध्याकाळचा फरसाण बंद, जेवल्यावर सोसायटीत चार चकरा. कोणी रील बनवणार नाही यावर.

लिहायचं कारण असं की काल कॅन्टीनमध्ये पेंट शॉपचा एक जण मोबाइल दाखवत होता, साहेब हे बघा माझा मणका, लाल, पिवळे, हिरवे पट्टे. क्लिनिक दुसरं आहे, हिंजवडीचं. मी फक्त विचारलं, कुठला पाय छोटा निघाला रे. डावा, म्हणाला, तुम्हाला कसं कळलं? आणि शनिवारी मिसेसला घेऊन बोलावलंय.