कोन की प्लेटा? घरी उघडायचा जुना बोट-गिअरबॉक्स

इंजिन ठणठणीत, पण गिअर टाकून रेस दिली की नुसता आवाज वाढतो आणि बोट रेंगाळते. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या काठावर जुन्या शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांपैकी कुणाला ना कुणाला हे दुखणं असतंच. गिअरबॉक्स खाली घेऊन स्वतःच उघडायचा बेत असेल, तर समोर बहुधा दोनांपैकी एक येतो. यान्मार कंपनीच्या १जीएम, २जीएम इंजिनांमागचा केएम२पी, नाहीतर युनिव्हर्सल, वेस्टरबेक वगैरे कंपन्यांच्या इंजिनांमागचा हर्थ. इंजिनाचा जोर पंख्याला (प्रॉपेलरला) जोडणारा क्लच केएम२पीत कोनाचा, म्हणजे शंकूच्या आकाराचा असतो, हर्थमध्ये प्लेटांचा. हर्थमध्ये मी एचबीडब्ल्यू १०० धरून बोलतोय, जो पुढे झेडएफ १०एम झाला.

बोट घेताना माझ्यापुढे दोन्ही प्रकार होते आणि मी यान्मारवाली घेतली. हर्थ मित्राचा, तो उघडताना मी शेवटपर्यंत सोबत होतो. म्हणजे माझं सगळं बोलणं या दोन गिअरबॉक्सांच्या जिवावर आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

आधी एक सांगतो. पाना हातात घेण्यापूर्वी केबल सोडा आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने पूर्ण टोकापर्यंत नेऊन बघा. केबल ताणली गेल्यामुळे लिव्हर अर्ध्यावर थांबत असेल, तर क्लच घसरणारच. आणि आयडलला खडखड होत असेल तर संशय आधी डॅम्पर प्लेटवर घ्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, धक्के झेलणाऱ्या प्लेटवर. तिच्या स्प्रिंगा तुटल्या की लोक उगाच गिअरबॉक्सला बोल लावतात.

हर्थ बनवलाय देखणा. आत क्लचच्या प्लेटांचे दोन गठ्ठे, एक पुढे जायला, एक मागे, आणि त्यांना दाबणाऱ्या गोळ्या. लोड येईल तशी पकड आपोआप वाढते, त्यामुळे लिव्हर दोन बोटांनी हलतो. गिअर पडतोही मऊ. आत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल. ते काळपट निघालं आणि जळका वास आला की प्लेटा गेल्या समजायच्या. त्या घासून पुन्हा वापरता येत नाहीत, नव्या आणाव्या लागतात. ते परवडतं असं धरून चालू.

मला खटकलं ते पुढचं. शिफ्ट लिव्हर ज्या झाकणावर बसतो, त्याची जागा कारखान्यात ठरवलेली असते, म्हणजे न्यूट्रलपासून दोन्ही बाजूंना लिव्हरचा प्रवास सारखा राहतो. हे बोल्ट ढिले करू नका, असं मॅन्युअलच बजावतं. आता शाफ्ट बाहेर काढायचा तर आम्हाला ते झाकण काढल्याशिवाय गत्यंतर दिसेना. कडेने सुईने रेघ ओढून घेतली, तरी परत बसवताना ते केसभर इकडेतिकडे होतंच, आणि तो केसभर फरक टेबलावर कळत नाही. हाताने फिरवून बघा, दोन्ही बाजूंना छान पकडतो. खरं काय ते गिअरबॉक्स बोटीत चढवून, दोरांनी बांधलेल्या बोटीला जोर दिल्यावरच समजायचं. तेव्हा एखादी बाजू घसरली, तर नव्या प्लेटा तिथल्या तिथे भाजायला लागतात. मित्राचा तसा नीट बसला. पण त्या दिवशी इंजिनजवळ ओणवं होऊन वास घेत बसलो होतो, ते मला पुन्हा नकोय.

केएम२पी त्यामानाने आडदांड. गिअर ठक्कन पडतो आणि गोंजारत, हळूहळू टाकलेला त्याला मानवत नाही. आत दोन मोठ्या गिअरांच्या मध्ये एक दुतोंडी कोन, शाफ्टवरच्या मळसूत्री खाचांवर (स्प्लाइनवर) बसलेला. जोर आला की तो गिअरच्या पोटात आणखी रुततो. घसरायला लागतो तो बहुधा कोनाचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत झाल्यामुळे, आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट पातळ लावायची, कोन त्याच्याच गिअरमध्ये बसवून मागेपुढे फिरवायचा, पुसायचा, बघायचा. चकाकी जाऊन सगळीकडे सारखा करडा, मंद रंग आला की थांबायचं. खात्री हवी तर मार्करने आडव्या रेघा मारा आणि कोरडाच फिरवा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या पाहिजेत. पेस्टचा कण आत राहिला तर बेअरिंगची वाट लागते, म्हणून धुण्यात आळस नको. आणि पुन्हा भरताना साधं इंजिन ऑइल, एटीएफ नाही.

कोन घासून घासून झिजला की तोही बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून घसा कोरडा पडतो. शिफ्टचं झाकण इथेही नेमकं बसवावं लागतं, त्याखाली शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) आहेत, पण ती फट टेबलावर मोजता येते. बेअरिंग, सील, पुलर, प्रेस हा खटाटोप दोन्हीकडे सारखाच, त्यात डावंउजवं करण्यासारखं काही नाही.

एका बाबतीत हर्थ सरस आहे हे मान्य करायला हवं. शिडावर जाताना त्याला रिव्हर्समध्ये टाकून पंखा थांबवता येतो. फॉरवर्डमध्ये मात्र टाकायचा नाही. यान्मारचं म्हणणं, न्यूट्रलमध्येच ठेवा. मग पंखा फिरत राहतो आणि मागच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याच्या कानाशी रात्रभर घुंघुं चालतं. रात्रीचे लांबचे पल्ले मारणाऱ्याला हे जाच वाटेल. मी संध्याकाळपर्यंत नांगर टाकणारा माणूस, मला चालून जातं.

हर्थच वाट्याला आला असेल तर प्लेटा तुम्ही जरूर मागवा, पण ते झाकण बसवायला हर्थ उघडलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला शोधा. केएम२पी असेल तर पेस्टची छोटी डबी आणा आणि शनिवारी सकाळी बसा.