स्वागत सप्ताह संपल्यावर कोणाची मदत उरते? परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी काही महिने वापरल्यानंतर

विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभाग, विद्यार्थी संघटनेचा सल्ला कक्ष, ‘बडी’ योजना (नव्या विद्यार्थ्याला सोबत म्हणून एक जुना विद्यार्थी जोडून देतात ती), सार्वजनिक वाचनालयातला भाषेचा गप्पा-गट आणि आपल्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, हे सगळं मी गेले कित्येक महिने वापरतेय. माझं मत आधीच सांगते. पहिल्या आठवड्यातल्या धावपळीवरून कुठल्याही सोयीला चांगलं-वाईट ठरवू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुमचा फोन कोण उचलतं ते बघा.

स्वागत सप्ताहात मदतीचा नुसता पूर येतो. सिमकार्ड, बँक खातं, कॅम्पसची फेरी, पिशवीभर माहितीपत्रकं. उपयोगाचं असतं सगळं, पण तेव्हा काय विचारायचं हेच आपल्याला माहीत नसतं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास मांडला. त्यात ६ ते १८ महिने राहिलेल्यांना रुळणं सर्वांत जड गेलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी हा निष्कर्ष सगळ्यांना लागू होत नाही असं दाखवून दिलंय. तरी अडचणी उशिरा येतात हे मला पुरेपूर पटलं. पहिला निकाल, घरून आलेली आजारपणाची बातमी, करविवरण, घर बदलणं, यातलं काहीही पहिल्या आठवड्यात येत नाही.

या सगळ्यात माझ्या लेखी पहिला नंबर सल्ला कक्षाचा. भाडेकरार घेऊन गेले, तर तिथल्या बाईंनी पेन्सिल घेऊन कलम न् कलम माझ्याकडून वाचून घेतलं. अनामत कोणाकडे राहणार, नोटीस किती आधी द्यायची, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, आणि करार सगळ्यांच्या नावाने एकत्र असेल तर एकजण मध्येच निघून गेल्यावर त्याचं भाडं बाकीच्यांच्या गळ्यात पडतं का. हा शेवटचा प्रश्न मला सुचलाच नसता. चावी मिळाली त्याच दिवशी भिंती, शेगडी, न्हाणीघरातली ओल आणि मीटरचे आकडे यांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करायला त्यांनी सांगितलं. पुढे घर सोडताना त्याच ओलीसाठी अनामतीतून पैसे कापायची भाषा सुरू झाली. मी तो जुना ईमेल पुढे केला आणि पूर्ण रक्कम परत मिळाली.

असे कक्ष देशोदेशी वेगळ्या नावाने असतात. ब्रिटनमधलं सिटिझन्स ॲडव्हाइस १९३९ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू होताना उभं राहिलं, आणि आजही मोफत सल्ला देतं. अमेरिका आणि कॅनडात बऱ्याच ठिकाणी २११ फिरवलं की जवळपासच्या सेवांची माहिती मिळते. जर्मनीत स्टुडिरेन्डेनवेर्क ही विद्यार्थ्यांसाठीची संस्था वसतिगृहं आणि मेस चालवतं, शिवाय सल्लाही देतं. आपल्या विद्यापीठात नाही म्हणून सोडून देऊ नका, गावात चौकशी करा.

बडी योजना पूर्णपणे माणसावर अवलंबून. माझी बडी मनापासून मदत करायची, पण परीक्षा आल्यावर तिला वेळ उरला नाही, आणि ते साहजिक आहे. योजना चालवणारं कोणी मध्ये विचारपूस करत नाही, हा मात्र मोठा दोष.

गप्पा-गटाकडून मी फारशा अपेक्षा ठेवल्या नव्हत्या, पण भाषेपेक्षा ओळखी जास्त मिळाल्या. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये लिहिलं होतं की नोकरीची खबर बऱ्याचदा जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण त्यांचं वर्तुळ वेगळं असतं. मला सध्याचं अर्धवेळ काम तसंच मिळालं. गटात माझ्या शेजारी बसणाऱ्या आजोबांना एका वाचनालयातली जागा माहीत होती.

आपल्या लोकांच्या ग्रुपचा आधार मोठा आहे. जुनं टेबल, खोली, मध्यरात्री दवाखान्यात सोबत, हाक मारली की कोणीतरी येतंच. पण व्हिसाचे आणि कामाच्या तासांचे प्रश्न कृपा करून तिथे विचारू नका. सांगणारे प्रेमाने सांगतात, पण त्यांचा नियम ते आले तेव्हाचा असतो. एका चुकीच्या उत्तरावर एखाद्याचं शिक्षण अडकू शकतं. त्यासाठी विद्यापीठाचा अधिकृत व्हिसा सल्लागारच गाठा, आणि उत्तर लेखी घ्या.

समुपदेशनासाठी थांबावं लागतं, हे सगळीकडचंच रडगाणं. मधल्या काळात मला रात्रीच्या हेल्पलाइनचा खरोखर आधार झाला. ‘नाइटलाइन’ नावाची अशी सेवा १९७० मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात सुरू झाली. फोनवर विद्यार्थीच असतात, नाव विचारत नाहीत, उपदेश करत नाहीत, फक्त ऐकून घेतात. मला त्या रात्री तेवढंच हवं होतं.

लांब सुट्ट्यांत मात्र यातलं बरंच काही बंद असतं. विभाग, कक्ष, गट, काही ठिकाणी वसतिगृहसुद्धा. सुट्टी लागायच्या आधी दोन गोष्टी विचारून ठेवा: या काळात फोन कोण उचलणार, आणि खोली रिकामी करावी लागणार का.