"सोळा कोर"चा सर्व्हर घेतला आणि मॉनिटरिंगच झोपलं

लिहायला लाज वाटतेय खरं तर, नेटवर्कमध्ये इतकी वर्षं काढून मला कुणीतरी व्यवस्थित टोपी घातली. पण अजून कुणाला घालू नये म्हणून लिहितोय.

आमच्याकडे साधारण ४०० नेटवर्क स्विच (केबलनं मशीन जोडणारे डबे) आहेत, त्यांच्यासाठी एनएमएस, म्हणजे नेटवर्कवर सतत नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं होतं. सप्लायरनं सॉफ्टवेअरचा मिनिमम रिक्वायरमेंटचा कागद पुढे ठेवला, चार कोर आणि आठ जीबी रॅम लिहिलेलं, आणि म्हणाला साहेब आपण तर सोळा कोर आणि ६४ जीबी देतोय, कोर चौपट, रॅम आठपट! मी खूश. डेमो दाखवला तो वीस स्विचवर, तेव्हा अर्थातच पळत होतं, वीस स्विचवर माझा जुना लॅपटॉपपण पळेल. डिस्कबद्दल मी फक्त किती टीबी एवढंच विचारलं. तिथंच माती खाल्ली.

सगळे स्विच टाकले आणि दोन दिवसांत ग्राफला भोकं पडायला लागली. पाच मिनिटांचं पोलिंग, म्हणजे सगळ्या स्विचकडून आकडे गोळा करायची फेरी, आठ मिनिटं झाली तरी संपेना, म्हणजे आधीची फेरी चालू असतानाच पुढची सुरू. एका रात्री कोअर स्विच, म्हणजे बाकी सगळे ज्याला जोडलेले असतात तो मुख्य स्विच, गेला आणि अलर्ट आला चाळीस मिनिटांनी, तोपर्यंत लोकांचेच फोन येऊन गेलेले. सीपीयू बघितला तर निवांत, दहा-बारा टक्के, आणि लोड अॅव्हरेज (सीपीयू किंवा डिस्कसाठी ताटकळणाऱ्या कामांचा आकडा) मात्र तीसच्या वर. सप्लायरला फोन केला तर म्हणे रॅम कमी पडतेय. आणि मी शहाण्यानं अजून ६४ जीबी त्याच्याकडूनच घेतली! काडीचा फरक नाही. नंतर कळलं की जास्त रॅमनं डिस्कवरून परत परत वाचायची गरज कमी होते, पण लिहायचं ते लिहावंच लागतं.

मग बसून हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. ४०० स्विच, सरासरी ३० पोर्ट, म्हणजे १२,००० पोर्ट. प्रत्येक पोर्टचे ट्रॅफिक, एरर, डिस्कार्ड वगैरे धरून आठ आकडे, झाले ९६,०००. हे ३०० सेकंदांत लिहायचे म्हणजे सेकंदाला ३२०, आणि आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक आकड्याची वेगळी आरआरडी फाइल (ग्राफसाठी वेळेनुसार आकडे साठवणारी) ठेवतं, त्यामुळे डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेलं लिखाण. ७२०० आरपीएमची डिस्क असं लिखाण सेकंदाला ऐंशी-शंभरच्या पुढे फारसं करत नाही. रेड १ मध्ये, म्हणजे एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, दोन डिस्क होत्या, पण मिररमध्ये तेच दोन्हीकडे लिहायचं असतं, वेग एकीचाच. लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये "डब्ल्यूए"चा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा पहिल्या दिवसापासून बोंबलत होता, मीच बघितला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर माझीच चूक म्हणून गप्प बसलो असतो. पण संशय आला म्हणून प्रोसेसरची माहिती देणारी एलएससीपीयू कमांड चालवली, तर कोर आठच, प्रत्येकी दोन थ्रेड (एकाच कोरवर चालणारे दोन कामांचे प्रवाह), त्याचे सप्लायरनं "सोळा कोर" केलेले. प्रोसेसर झिऑन ई५-२६५० व्ही२, म्हणजे २०१३ सालचं मॉडेल. डिस्क रेड कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या) मागे असल्यामुळे स्मार्टसीटीएलला, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडला, साधं विचारून काही दिसत नाही, कंट्रोलरचा प्रकार सांगावा लागतो. तो दिला आणि पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते, आले ३८,०००. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे चार वर्षांहून जास्त चाललेल्या डिस्क मला नव्या पॅकिंगमध्ये मिळाल्या! सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटी बघितली, कधीच संपलेली.

सप्लायरला हे सगळं दाखवलं तर शांतपणे म्हणाला, कोटेशनमध्ये "नवीन" हा शब्द कुठंय? खरंच नव्हता. "टेस्टेड ओके" होतं. आणि डिलिव्हरीच्या चलनावर माझी सही, बॉक्स न उघडता केलेली. पैसे गेले ते गेलेच.

आता दुसरीकडून सर्व्हर ग्रेडच्या दोन एसएसडी (फिरता भाग नसलेल्या, विखुरलेलं लिखाण खूप वेगानं करणाऱ्या डिस्क) घेतल्यात, तेपण नव्या विक्रेत्यासमोर पॉवर ऑन अवर्स बघूनच सही केली, बिचारा वैतागला पण बसला. शिवाय आरआरडीकॅशडी नावाचा प्रोग्रॅम लावला, तो आकडे थोडा वेळ मेमरीत साठवून एकदम लिहितो. पोलिंग आता सत्तर सेकंदांत संपतं, सीपीयू तोच जुना. आणि १२८ जीबी रॅममधली वीसच्या वर कधी वापरली गेलेली मी अजून पाहिली नाही.