ई३६ (नव्वदच्या दशकातली बीएमडब्ल्यू ३ सिरीज) मध्ये एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफ, एकच चाक नुसतं फिरू न देणारा): क्लचवाला की टॉर्सन?
बीएमडब्ल्यू ३२८आय सेडानमध्ये ओपन डिफ (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा साधा, लॉक न होणारा डिफरन्शियल) असेल तर ओल्या वळणावर आतलं चाक नुसतं फिरत बसतं, हे चालवणाऱ्याला माहितीये. मग दोन रस्ते. एक म्हणजे एम३ चा (ई३६ची स्पोर्ट आवृत्ती) जुना क्लचवाला डिफ, साधारण 25 टक्के लॉकचा, अख्खा पंपकिनच (डिफचा पूर्ण डबा) उचलून बसवायचा, आणि स्पीडोचा सेन्सर डिफवरच चाकांच्या बाजूचा वेग मोजतो त्यामुळे रेशो (डिफमधल्या गिअरचं प्रमाण) बदलला तरी काटा खोटं बोलत नाही. फक्त 2.93 वरून 3.23 वर गेलात की हायवेला आरपीएम वाढणार. पण जुन्या डिफच्या क्लच प्लेट झिजलेल्या असतात, रीबिल्ड धरूनच चला, आणि फ्रिक्शन मॉडिफायरवालं (प्लेटचं घर्षण सौम्य करणारं) तेल नाही टाकलं तर पार्किंगमध्ये वळताना कडकड ऐकत बसा.

दुसरा टॉर्सन. नुसते गिअर, प्लेट नाहीत म्हणून झिजायची कटकट कमी, काम एकदम स्मूद. घोडं अडतं कुठे, तर एक चाक हवेत गेलं की तो जवळपास ओपनसारखाच वागतो.

रोजची गाडी असेल तर मी टॉर्सनच घेईन. ड्रिफ्ट करायचंय? मग क्लचवाला, विचारूच नका.