ओहायो स्टार की सॉटूथ स्टार? कात्रणांची गोधडी कापायला घेण्याआधी

आमच्याकडे एक जुनी ताऱ्यांची गोधडी आहे, मावशीने अमेरिकेत ओहायोतल्या कुठल्याशा चर्चच्या सेलमधून आणलेली. ओहायोतून आली म्हणून घरात सगळे तिला ओहायो स्टारच म्हणायचे (तुकडे जोडून शिवायच्या ताऱ्याच्या एका नमुन्याचं हे नाव आहे), मी पण म्हणायचो, आणि तशीच एक आईच्या जुन्या साड्या नि टेलरकडच्या कात्रणांची करायची ठरवली तेव्हा नेटवर ओहायो स्टारचीच मापं काढून कामाला लागलो. पाच तारे शिवून झाल्यावर एकदा मूळ गोधडी पलंगावर पसरून नीट बघितली तर ती ओहायो स्टार नाहीच! सॉटूथ स्टार नावाच्या दुसऱ्याच नमुन्याची निघाली.

तर पहिलं काम, तुमच्याकडे जो नमुना आहे तो मोजून घ्या, नावावर जाऊ नका. अमेरिकेत या ताऱ्यांच्या नावांचा आधीच भरपूर गोंधळ आहे. तिकडच्या कॅन्सस सिटी स्टार नावाच्या पेपरात १९२८ ते १९६१ अशी कितीतरी वर्षं गोधडीचे नमुने छापून यायचे, एकाच ताऱ्याला ह्या गावात एक नाव नि त्या गावात दुसरं, आणि व्हेरिएबल स्टार हे नाव तर ह्या दोघांनाही लावलेलं सापडतं. मोजायचं सोपं आहे. एका ताऱ्याचा चौकोन घ्या, कडेने किती भाग पडतात ते बघा. तीन सारखे भाग पडले तर ओहायो. चार पडले आणि मधला चौकोन दोन भागांएवढा मोठा असला तर सॉटूथ. आणखी एक खूण म्हणजे ओहायोत मधल्या चौकोनाच्या चारही बाजूंना एकेक छोटा त्रिकोण चिकटलेला असतो, डमरूचा अर्धा भाग असतो ना तसा. सॉटूथमधे तो नसतो, टोकं थेट मधल्या चौकोनावर उभी, करवतीच्या दातांसारखी, म्हणून तर ते नाव.

(आणि मधे चौकोनच नसेल, आठ शंकरपाळ्या एका बिंदूत येत असतील तर तो लमॉइन स्टार, १७१८ मधे न्यू ऑर्लिन्स वसवणाऱ्या ल मॉइन घराण्यावरून आलेलं नाव म्हणतात, पुढे बोलता बोलता त्याचं लेमन स्टार पण झालं. दिसतो सगळ्यात देखणा. पण त्यात कोपऱ्यात अडकवून शिवायच्या शिलाया येतात, पहिल्या गोधडीला त्याच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.)

आता निवडायचं झालं तर. दोन्ही १२ इंचाचे धरतो, ५ आडवे ७ उभे, ३५ तारे, म्हणजे ६० बाय ८४ इंच, सिंगल पलंगाला पुरतं.

ओहायोबद्दल आधी चांगलं बोलतो कारण तो खरंच सुबक दिसतो. तारा चौकोनात जरा आटोपशीर बसतो, चार इंचाचे कोपरे शेजारच्या ताऱ्याच्या कोपऱ्यांना मिळून आठ इंचाची मोकळी जागा होते, डोळ्याला शांत वाटतं. कपडा वाया जवळजवळ जातच नाही. नवं कोरं पॉपलीन घेऊन, दोनच रंगात, मोजूनमापून करणाऱ्यांनी हाच करावा, माझी काही हरकत नाही.

पण माझं कापड तसं नव्हतं. आईच्या नारायणपेठी साड्या, वीस-पंचवीस वर्षं धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या. ओहायोतले डमरू, म्हणजे चार त्रिकोण फुलीसारखे जुळलेले चौकोन, करायला शिलाईची जागा धरून सव्वापाच इंचाचे दोन चौकोन एकावर एक ठेवायचे, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिलाई, मधून कापायचे, मग त्या तुकड्यांना परत दुसऱ्या कर्णावर तेच. म्हणजे दोनदा उरेब (कापडाच्या धाग्याला तिरपी) शिलाई. आणि उरेब म्हणजे मऊ साडीचा कपडा नुसता हाताने धरला तरी ताणतो. मी रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलावर मशीन मांडून बसायचो, बाहेर पाऊस, पंखा बंद कारण तुकडे उडतात, आणि शिवून इस्त्री करून उघडला की चौकोनाच्या जागी पतंग! एक कोपरा लांबलेला, मधली फुली सरकलेली. फूटपट्टीची तिरकी रेघ फुलीवर ठेवून चारही बाजू छाटायच्या, तेही फुली बरोबर मधे राहील अशा बेताने, आणि जरा जास्त छाटलं की पुढच्या शिलाईत ताऱ्याचं टोक गडप. एका ताऱ्यात असे चार डमरू. ३५ ताऱ्यांचे १४०. पाचव्या ताऱ्यानंतर मी हा हिशोब केला आणि मशीनवर कव्हर घातलं.

कुणी म्हणेल खळ घाला. घातली की! साबुदाण्याची खळ करून कडक वाळवून घेतलं (पावसाळ्यात ठाण्यात कडक वाळणं ही वेगळीच कथा), फरक पडला, निम्मा तरी पडला. इस्त्री फिरवायची नाही नुसती दाबायची हेही शिकलो. तरी फुलीवर कपड्याच्या घड्यांची गाठ व्हायची आणि मशीन तिथे कुंथायचं, एक १४ नंबरची सुई तिथेच गेली.

सॉटूथमधे हे नाही. म्हणजे उरेब शिलाई आहेच, पण पद्धत वेगळी. पार्श्वभूमीचा साडेतीन बाय साडेसहाचा आयत घ्यायचा, त्याच्या एका टोकावर ताऱ्याच्या रंगाचा साडेतीनचा चौकोन ठेवायचा, कर्णावर शिवायचं, उलटवायचं. दुसऱ्या टोकाला तसंच. आता गंमत अशी की खालचा आयत अख्खा तसाच राहू द्यायचा, फक्त मधला थर कापायचा, म्हणजे वरचा मऊ तुकडा कितीही लाडात आला तरी खालच्या आयताच्या सरळ कडा त्याला धरून ठेवतात. वर काही बाहेर डोकावलं तर आयताच्या कडेने छाटा, झालं. माझ्या साडीच्या तुकड्यांना ह्यानेच वाचवलं. कोपरा किंचित जाड होतो, पण गोधडीत कुणाला कळतंय.

नुकसान एकच, कपडा वाया जातो. प्रत्येक टोकाला एक त्रिकोण. ३५ ताऱ्यांची २८० टोकं, आईने बघितलं असतं तर बोलली असती. कपडा घट्ट असेल तर खालचा आयतही कापा, पण कापायच्या आधी पहिल्या शिलाईपासून अर्ध्या इंचावर दुसरी शिलाई मारून घ्या, सुटलेल्या तुकड्यांचे अडीच इंचाचे दोनरंगी चौकोन मिळतात. माझा एक डबा भरलाय.

आणि कात्रणांचा मुद्दा तर उघडच आहे. पाचपाखाडीतला टेलर मला ब्लाऊजची कात्रणं पिशवी भरून देतो, ती सगळी लांबट, बगलेकडची, त्यातून सव्वापाचचा चौकोन क्वचित निघतो, साडेतीनचे मात्र भराभर निघतात. उलट मधला चौकोन मोठा, शिवून सहा इंचाचा, तिथे साडीच्या पदराचा एखादा मोर किंवा खणाचा तुकडा अख्खा दिसतो. ओहायोच्या चार इंचात मोराची मान कापली जाते. (खण लावलात तर कडेने आधी झिगझॅग मारा, फार उसवतो.)

रंगांचं म्हणाल तर दोन्हीत नियम एकच, तारा दिसायला रंग नाही, गडद-फिक्याचा फरक लागतो. मी सगळी कात्रणं फरशीवर पसरून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढतो. मला वेगळे वाटणारे लाल आणि हिरवा त्यात अगदी एकच निघाले होते. पार्श्वभूमीला बाबांचे जुने पांढरे, फिके निळे, बारीक रेघांचे शर्ट घेतले, कमी पडलं ते स्टेशन रोडवरून ऑफ-व्हाइट पॉपलीन आणलं. एका ताऱ्याची आठ टोकं मी एकाच कपड्याची ठेवली, आठही वेगळी करून बघितली होती पण तारा विस्कटलेला वाटला, तुमची आवड वेगळी असू शकते. आत कापूस नाही, एक जुनी सुती साडी दुमडून घातली, आपल्याकडे तेवढीच ऊब पुरते, आणि वरून हाताने धावदोरा.

माझे २२ तारे झालेत. ते पहिले पाच ओहायो, त्यातल्या चार बऱ्या निघालेल्यांचे उशांचे अभ्रे केले, पाचवा मशीनखाली सुया टोचायला ठेवलाय. मावशीला व्हिडिओ कॉलवर सगळं मोजून दाखवलं. ती म्हणाली, अरे पण मी ओहायोतून आणलाय ना, मग ओहायोच तो.