पिसं विस्कटणं की पायाच्या बोटांवर पाय देणं?

लोकांना दुखावणं या अर्थी इंग्रजीत ‘रफल फेदर्स’ आणि ‘स्टेप ऑन समवन्स टोज’ हे दोन वाक्प्रचार सर्रास वापरतात, आणि आपल्याकडच्या ऑफिसांतल्या ईमेलमध्ये ते बिनदिक्कत एकमेकांच्या जागी येतात.

पहिल्यात चिडलेल्या पक्ष्याची फुललेली पिसं आहेत. नव्या मॅनेजरने आल्या आल्या सगळ्यांच्या शिफ्ट बदलल्या, लोक कुरकुरले, की ‘ही रफल्ड अ फ्यू फेदर्स’. नाराजी आहे, पण फार खोल नाही. शिवाय हे मुद्दामही करता येतं. सुधारणा करणाऱ्याबद्दल तर कौतुकानेही म्हणतात. नंतर समजूत काढणं म्हणजे ती पिसं ‘स्मूद’ करणं. शांत राहणाऱ्याला ‘अनरफल्ड’ म्हणतात, तेही याच क्रियापदावरून.

दुसऱ्यात प्रश्न हद्दीचा आहे. सहकाऱ्याच्या क्लायंटला तुम्ही परस्पर फोन केलात, तर पाय त्याच्या बोटांवर पडला. बहुतेक वेळा हे नकळत होतं, म्हणून ‘आय डोंट वॉन्ट टू स्टेप ऑन युअर टोज, बट...’ अशी आगाऊ माफी मागायला तो सोयीचा. (त्या ‘बट’नंतर लुडबुड होतेच, हा भाग वेगळा.) ब्रिटिश लोक ‘स्टेप’ऐवजी बरेचदा ‘ट्रेड’ म्हणतात.

मराठीतलं ‘शेपटीवर पाय देणं’ इथे चालणार नाही. त्यात समोरचा उलटून डसण्याची भीती आहे. वरिष्ठांच्या अधिकारात डोकावताना मी ‘टोज’चा वाक्प्रचारच निवडेन. मीटिंगमध्ये अप्रिय मत मांडायचं असेल, तर ‘फेदर्स’चा.